लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. इन्सुलिन नसलेल्या काळात त्यांनी तो कसा सांभाळला?

सप्टेंबर १९०८. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात ५२ वर्षांचा एक कैदी दाखल झाला. शिक्षा सहा वर्षांची. सोबत काही कपडे, काही पुस्तकं आणि एक आजार. त्या आजारावर त्या दिवशी जगात कुठेही खरं औषध नव्हतं.

कैदी होते बाळ गंगाधर टिळक आणि आजार होता मधुमेह.

टिळकांचा खटला, मंडाले आणि गीतारहस्य या गोष्टी शाळेच्या पुस्तकात असतात. मधुमेहाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत येतो आणि संपतो. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची बारा-पंधरा वर्षं या आजाराच्या सोबतीनं गेली. आज मधुमेहींच्या पोटावर चिकटवलेलं एक यंत्र दर पाच मिनिटांनी साखर मोजतं आणि पंपाला इन्सुलिन किती सोडायचं ते सांगतं. या यंत्रानं नेमकं काय बदललं आणि काय बदललेलं नाही, हे समजून घ्यायला टिळकांचं आयुष्य चांगलं उपयोगी पडतं.

तालमीत कमावलेलं शरीर

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीतला. वडील शिक्षक होते. आई लहानपणी गेली आणि १८७२ मध्ये वडीलही गेले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर या काटक्या मुलानं पहिलं वर्ष अभ्यासाला जवळजवळ सुट्टीच दिली. कुस्ती, पोहणं, व्यायाम आणि भरपूर खाणं एवढाच कार्यक्रम. वर्ष वाया गेलं, पण शरीर घडलं. पुढच्या तुरुंगवासांत हीच शिदोरी कामाला आली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

तुरुंग लवकरच आला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवसांनी बाहेर आले तेव्हा दोघांचीही वजनं उतरलेली होती. तेव्हा टिळक २६ वर्षांचे होते. ते वजन परत भरून आलं.

लातूरची जिनिंग फॅक्टरी

१८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. मतभेदांची ती गोष्ट मोठी आहे, इथे ती नको. पण प्रश्न पोटाचा होता. पगार थांबला होता, केसरीवर कर्ज होतं आणि घर चालवायचं होतं. टिळकांनी दोन मार्ग काढले. एक, पुण्यात वकिलीच्या परीक्षांचे वर्ग. दुसरा फार कमी लोकांना माहीत असतो: दोन भागीदारांसोबत लातूरला कापसाची जिनिंग फॅक्टरी.

लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यात आलं आणि १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा होईपर्यंत तिथेच राहिलं. म्हणजे आजच्या धाराशिवच्या जुन्या माणसांसाठी लातूर हा आपल्याच जिल्ह्यातला बाजार होता. टिळकांनी गिरणी घातली तेव्हा तिथे रेल्वेही नव्हती. येडशी, ढोकीवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली ती १९११ मध्ये. तेव्हा टिळक मंडालेत होते.

गणिताचा हा पदवीधर कापसाच्या गाठींचा हिशेब कितपत आवडीनं करत असेल, हा प्रश्नच आहे. पण पत्रकारितेचं स्वातंत्र्य टिकवायचं तर पैसा दुसरीकडून यायला हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. १८९३ मध्ये त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ आला. त्याच दशकात सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंतीही उभी राहिली. धंदा, संशोधन, वर्तमानपत्र आणि राजकारण एकाच वेळी चाललं होतं.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी त्यांच्यासाठी सरकारकडे अर्ज केला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीच्या आधीच, ते सुटले. सक्तमजुरीतलं जेवण आणि काम यांनी शरीर पोखरलं होतं. या वेळी ते चाळिशी ओलांडलेले होते.

मधुमेह म्हणजे तेव्हा काय होतं?

मधुमेह भारताला नवा नव्हता. चरक आणि सुश्रुत यांनी गोड लघवीच्या या रोगाचं वर्णन केलं आहे आणि तो बारीक माणसांतही दिसतो आणि स्थूल माणसांतही, हेही नोंदवलं आहे. पण शरीरात नेमकं काय बिघडतं ते समजायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. १८६९ मध्ये जर्मनीच्या पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची छोटी बेटं दिसली. ती कशासाठी आहेत हे त्याला कळलं नाही. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. स्वादुपिंडातून काहीतरी रक्तात जातं आणि ते साखरेला ताब्यात ठेवतं, एवढं आता स्पष्ट झालं. ते काहीतरी हाताला मात्र लागत नव्हतं.

त्यामुळे १९०८ सालच्या डॉक्टरकडे पथ्य सोडून देण्यासारखं काही नव्हतं. जर्मनीत फॉन नूर्डन नावाचे डॉक्टर रुग्णांना काही दिवस फक्त ओट्स खायला घालत. अमेरिकेत पुढच्या काही वर्षांत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी जवळजवळ उपासमारीचं पथ्य सुरू केलं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही अशी मुलं, म्हणजे आजच्या भाषेत टाइप १ ची, त्या पथ्यावर हाडांचा सापळा होऊन थोडी जास्त जगत. एवढंच.

टिळकांचा मधुमेह उतारवयातला होता आणि औषधाविना ते त्याच्यासह बरीच वर्षं जगले. यावरून तो आज ज्याला टाइप २ म्हणतात त्या प्रकारचा असणार. या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरत नाही किंवा नीट काम करत नाही. त्यामुळे पथ्याला थोडी जागा मिळते. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण तिथूनच पुढचे सगळे गैरसमज सुरू होतात.

मंडाले: जवाचं पीठ आणि पेन्सिल

२४ जून १९०८ ला टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. समोर न्यायमूर्ती दावर होते. १८९७ च्या खटल्यात हेच दावर वकील म्हणून टिळकांच्या बाजूनं जामीन मागायला उभे होते. या वेळी त्यांनी जामीन नाकारला. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला: सहा वर्षं काळं पाणी. वाढदिवसाला काही तास उरले होते. त्याच रात्री खास गाडीनं त्यांना अहमदाबादकडे नेलं. साबरमतीच्या तुरुंगातल्या सक्तमजुरीच्या जेवणावर वजन झपाट्यानं घसरू लागलं. पुढे शिक्षा साध्या कैदेत बदलली गेली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली.

मंडालेचा उन्हाळा कडक आणि धुळीचा. राहायला लाकडी पट्ट्यांची खोली, तिच्यातून ऊन, वारा आणि थंडी सगळं आत येई. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा साताऱ्याकडचा एक कैदी दिला होता. भाषा कळणारं दुसरं माणूस जवळपास नव्हतं. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत पुस्तकांच्या याद्या असत, खटल्यांच्या सूचना असत आणि प्रकृतीची खबरही असे.

मधुमेहासाठी टिळकांनी केलेला मुख्य उपाय म्हणजे भात आणि गहू बाजूला ठेवून जवाच्या पिठावर राहणं. जवाला आपल्याकडे सातू म्हणतात. हा उपाय आज विचित्र वाटत नाही. जवात आणि ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो. तो पोटात बुळबुळीत थर धरतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. फॉन नूर्डन जे ओट्सनं करत होते, तेच टिळक मंडालेत जवानं करत होते.

पण पथ्य बरोबर चाललंय की नाही, हे कळायचं कसं? घरी रक्तातली साखर तपासणं त्या काळात शक्यच नव्हतं. लघवीत साखर आहे का, ते रसायन घालून उकळून बघता येई. ती खूण अगदी ढोबळ. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरते तेव्हा काही तासांपूर्वीची गोष्ट सांगते. बाकी तहान, थकवा आणि वजन यांवरून स्वतःच अंदाज बांधायचा.

या अवस्थेत त्यांनी गीतारहस्य लिहिलं. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११, सुमारे पाच महिन्यांत. शाई नाही, पेन्सिल. सुटे कागद नाहीत, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या. जोडीला जर्मन, फ्रेंच आणि पाली पुस्तकांवरून शिकणं. जून १९१२ मध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्या. बातमी मंडालेत पोचली, टिळकांना जाता आलं नाही. पथ्य कसोशीनं पाळलं म्हणून रक्तातली साखर शहाण्यासारखी वागते असं नाही. दुःख, ताप आणि जागरण यांनीही ती वाढते, आणि त्याला जव काही करू शकत नाही.

ते स्वतः जे करत होते, ते आज यंत्र कसं करतं?

टिळक एक चक्र चालवत होते. शरीराकडून खूण घ्यायची, विचार करायचा, खाणं बदलायचं, पुन्हा खूण बघायची. निरोगी माणसाचं स्वादुपिंड हेच चक्र आपल्या नकळत चालवतं. आपोआप इन्सुलिन देणारी यंत्रणा तेच काम तीन वस्तूंत वाटून घेते.

पहिली वस्तू सेन्सर. त्वचेखाली केसासारखी बारीक तार जाते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर दर पाच मिनिटांनी मोजते, म्हणजे दिवसाला २८८ वेळा. दुसरी वस्तू म्हणजे गणित करणारा प्रोग्रॅम. साखर आता किती आहे, कुठल्या दिशेला चालली आहे आणि आधी दिलेलं इन्सुलिन अजून किती बाकी आहे, यावरून तो पुढचा डोस ठरवतो. तिसरी वस्तू पंप. तो बारीक नळीतून थेंबाथेंबानं इन्सुलिन सोडतो.

कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अर्नोल्ड कॅडिश यांनी असं यंत्र बनवलं तेव्हा ते पाठीवरच्या पिशवीएवढं होतं. १९७० च्या दशकातलं बायोस्टेटर रुग्णाच्या खाटेशेजारी उभं करावं लागे. खिशात मावेल अशा यंत्रणेला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पहिल्यांदा मंजुरी दिली ती सप्टेंबर २०१६ मध्ये.

याचा सगळ्यात मोठा फायदा रात्री होतो. टाइप १ असलेल्या मुलाची साखर झोपेत धोकादायक खाली जाईल या भीतीनं आईवडील रात्री दोन-तीनदा उठून बोट टोचत. यंत्र साखर उतरताना दिसली की इन्सुलिन थांबवतं आणि गजर वाजवतं. ज्या घरानं ही भीती पाहिली आहे त्याला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

मग अडचण कुठे? पहिली अडचण शरीरातच आहे. स्वादुपिंडातलं इन्सुलिन थेट रक्तात आणि यकृताकडे जातं. पंपाचं इन्सुलिन त्वचेखाली पडतं. ते काम सुरू करायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, तासाभरानं जोर धरतं आणि तीन-चार तास रेंगाळतं. जेवणाची साखर त्याच्या आधी पोचते. म्हणून जेवायला बसण्यापूर्वी माणसानंच यंत्राला सांगावं लागतं की पानात किती कर्बोदकं आहेत. आपोआप म्हटलं तरी यंत्र अर्धंच आपोआप आहे. शिवाय दिलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. साखर घसरलीच तर गूळ-साखर तोंडात घालायला माणूसच लागतो. आणि नळी दुमडली किंवा तुंबली तर काही तासांत शरीरात इन्सुलिनच उरत नाही, कारण पंपात फक्त लवकर संपणारं इन्सुलिन असतं.

धाराशिवच्या घरात हे यंत्र आणलं तर?

केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत. धाराशिव त्यातला एक. पंपाची किंमत लाखांत जाते. सेन्सर एक-दोन आठवड्यांनी आणि नळी दोन-तीन दिवसांनी बदलायची. म्हणजे यंत्र एकदा घेऊन खर्च संपत नाही, तो दर महिन्याला येतो. पाऊस बुडाला तर सोयाबीनचा पैसा येत नाही, पण सेन्सरची तारीख पुढे ढकलता येत नाही.

पानातली कर्बोदकं मोजणं हेही सोपं नाही. ब्रेडच्या तुकड्याचं वजन पाकिटावर छापलेलं असतं. ज्वारीची भाकरी किती मोठी, ते थापणाऱ्या हातावर अवलंबून असतं. लग्नाच्या पंगतीत कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा हातावर ठेवला जातो, तेव्हा त्यात साखर किती पडली हे हलवायालाच माहीत. यंत्राला चुकीचा आकडा दिला की ते चुकीचाच डोस देणार. आणि उन्हाळा! वापरात नसलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. धाराशिवचा पारा मे महिन्यात चाळिशी गाठतो आणि घामानं सेन्सरची चिकटपट्टी सुटते. फ्रिज नसलेल्या घरात आजही पाण्यानं ओल्या ठेवलेल्या मडक्यात इन्सुलिन जपतात. ही जुनी युक्ती या नव्या यंत्रालाही लागणारच आहे.

आणखी एक गोष्ट. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या बहुतेकांचा मधुमेह टिळकांसारखा, टाइप २. त्यांना या यंत्राची गरज नाही. वेळेवर तपासणी, गोळ्या, चालणं, पथ्य आणि लागलं तर साधं इन्सुलिन यांनीच त्यांचं बरंच काम होतं. उलट टाइप १ च्या मुलाला जव काय किंवा आणखी कुठलं धान्य काय, इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. सातू खा आणि इन्सुलिन सोडा असे मेसेज फिरत असतात, त्यातला कुणी उद्या टिळकांचं नाव जोडेल म्हणून हे लिहिलेलं बरं. इन्सुलिन उपलब्ध असतं तर ते नाकारून जव खाण्याचा प्रश्नच टिळकांपुढे आला नव्हता.

शेवटची सहा वर्षं

जून १९१४ मध्ये मध्यरात्री टिळकांना पुण्यात घरी आणून सोडलं. वय ५८ होत आलेलं, आजार जुना झालेला. या माणसानं आता विश्रांती घेतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी १९१५ मध्ये गीतारहस्य छापलं, एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग काढली आणि गावोगाव सभा सुरू केल्या. साठाव्या वाढदिवशी लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली. त्याच दिवशी सरकारनं जामीन मागणारी नोटीस दिली. त्याच वर्षी लखनौचा करार झाला. १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले, खटला हरले आणि १९१९ च्या अखेरीस परतले.

मधुमेहात जेवणाची वेळ पाळायला सांगतात. सभा, रेल्वे, बोटीचा प्रवास आणि लंडनचा हिवाळा यात ती किती पाळली जात असेल, याचा अंदाज कुणीही करू शकतो.

जुलै १९२० मध्ये ते ताईमहाराज प्रकरणाच्या कामासाठी मुंबईत होते, मुक्काम सरदारगृहात. मोटारीतून फेरफटका मारून आल्यावर थंडी वाजून ताप आला. आधी हिवताप वाटला. ६४ वा वाढदिवस अंथरुणातच गेला. मग न्यूमोनिया झाला. साखर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत, आणि ताप आला की साखर आणखी वाढते. एक दुसऱ्याला ओढतं. १ ऑगस्ट १९२० ला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी टिळक गेले. दिवसभर पाऊस होता तरी माणसांचा समुद्र चौपाटीवर लोटला होता. गांधीजींनी पुकारलेला असहकार त्याच दिवशी सुरू झाला.

तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातल्या फ्रेडरिक बँटिंग या तरुण डॉक्टरला झोप लागेना. स्वादुपिंडातला तो हाती न लागणारा पदार्थ वेगळा कसा काढता येईल, याची एक कल्पना त्यानं उठून वहीत लिहून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात टोरंटोत बेस्टसोबत कुत्र्यांवर प्रयोग झाले. मॅक्लिऑडची प्रयोगशाळा आणि कॉलिपनं केलेलं शुद्धीकरण यांशिवाय ते पुढे गेले नसते. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते जमलं नाही. २३ जानेवारीला शुद्ध केलेलं दिलं आणि त्याची साखर उतरली. १९२३ मध्ये नोबेल मिळालं आणि पेटंट टोरंटो विद्यापीठाला नाममात्र डॉलरला दिलं गेलं.

इन्सुलिन दोन वर्षं आधी आलं असतं तर टिळक वाचले असते का? साखर ताब्यात राहिली असती आणि लढायला शरीराला बळ मिळालं असतं. पण न्यूमोनियाच्या जंतूवर इन्सुलिन चालत नाही. त्यावरची सल्फा औषधं १९३० च्या दशकात आली आणि पेनिसिलिन त्यानंतर.

लिओनार्ड थॉम्पसनचा जन्म १९०८ चा, टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षीचा. इन्सुलिननं त्याला आणखी तेरा वर्षं दिली. १९३५ मध्ये तो न्यूमोनियानं गेला.